पाळण्यातले पाय आणि पडद्यावरचे आकडे

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हटले जाते. संगणकावर क्रीडासंघ चालविण्याच्या खेळात रमलेल्या मंडळींना मात्र या म्हणीवर भिस्त ठेवणे परवडत नाही. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर अठरा वर्षांच्या एखाद्या काल्पनिक खेळाडूचे नाव असते. शेजारी त्याचे वय, उंची, कौशल्याचे आठ-दहा आकडे आणि स्काउटने, म्हणजे नवे खेळाडू हेरण्यासाठी नेमलेल्या जाणकाराने, दिलेला अभिप्राय असतो. एवढ्या सामग्रीवरून हा मुलगा पाच हंगामांनी संघाचा आधारस्तंभ होईल की राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसून राहील, याचा निवाडा करायचा असतो. आपण सोडलेला खेळाडू पुढच्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडू शकतो. गंमत अशी की, समोरचे आकडे पुरते खरे नाहीत हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. खेळ तयार करणाऱ्यांनीच त्यांत जाणूनबुजून चूक मिसळलेली असते.

या चुकीशी कसे वागावे, हाच अशा खेळांतील खेळाडू-निवडीचा, म्हणजे ‘ड्राफ्ट’चा, गाभा होय. वरकरणी वाटते की चांगला स्काउट नेमावा, सर्वांत मोठा आकडा पाहावा आणि निवड करून मोकळे व्हावे. असे करणारा व्यवस्थापक हंगामामागून हंगाम फसत राहतो आणि दैवाला बोल लावतो. त्याच्या फसण्याचे कारण मात्र साध्या अंकगणितात सापडते.

खेळांचे कूळ

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. येथे ज्यांचा विचार करायचा आहे, ते खेळ पैसे लावून खेळण्याचे नव्हेत. प्रत्यक्षातल्या सामन्यांवर बेतलेल्या ‘फँटसी’ स्पर्धा आपल्याकडे चांगल्याच फोफावल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्यांच्या सशुल्क स्पर्धा थांबल्या. संघ-व्यवस्थापनाच्या खेळांचे कूळ निराळे आहे. अमेरिकेत १९६१ मध्ये आलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या पत्ते आणि फासे घेऊन खेळायच्या बेसबॉलच्या खेळापर्यंत ते मागे नेता येते. संगणकाच्या युगात इंग्लंडमधील पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या बंधूंनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणला. त्याचीच परंपरा पुढे ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने चालू राहिली. स्वीडनमध्ये १९९७ साली ‘हॅटट्रिक’ हा निव्वळ इंटरनेटवर खेळायचा फुटबॉल-व्यवस्थापनाचा खेळ सुरू झाला. जर्मनीतील मार्कुस हाइन्झोन यांनी बेसबॉलसाठी ‘आउट ऑफ द पार्क’ रचला. २००७ मध्ये बास्केटबॉलसाठी ‘बझरबीटर’ आला, आणि त्यानंतर ब्राउझरमध्येच चालणारा ‘बास्केटबॉल जीएम’.

या खेळांत सामने संगणक खेळवतो. माणसाकडे राहते ती निवड, खर्च, सराव आणि वाट पाहणे. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. हॅटट्रिकचा एक हंगाम खऱ्याखुऱ्या १६ आठवड्यांचा असतो. आउट ऑफ द पार्कच्या ऑनलाइन लीगमध्ये तीस संघ असतील तर ते चालवायला तीस माणसे असतात; प्रत्येक जण आपले निर्णय एका फाइलमध्ये भरून लीगच्या संचालकाकडे धाडतो आणि संचालक ठरलेल्या दिवशी सामने घडवून आणतो. एका चुकीच्या निवडीची किंमत येथे मिनिटांत मोजली जात नाही. वर्ष-दीड वर्ष ज्या पोराला सांभाळले तो अखेर कुचकामी निघाला, याची चुटपुट काल्पनिक संघाच्या मानाने बरीच खरी असते.

ड्राफ्टची प्रथा

ड्राफ्ट ही मूळची अमेरिकी व्यावसायिक खेळांतील पद्धत. फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ मध्ये एनएफएलने ती प्रथम अमलात आणली. श्रीमंत संघांनीच सारे नवे खेळाडू पळवू नयेत म्हणून मागल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला हक्क द्यायचा, त्याच्यावरच्याला दुसरा, आणि विजेत्याला शेवटचा, अशी ही रचना. पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! प्रथेच्या जन्मापासूनच अनिश्चितता तिच्या सोबतीला आहे, ती अशी.

आपल्याकडे लिलावाची पद्धत रुळली असली तरी ड्राफ्ट अगदीच अपरिचित नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आयपीएलच्या पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांसाठी ड्राफ्ट झाला होता. पुण्याने पहिला हक्क वापरून साडेबारा कोटी रुपयांना महेंद्रसिंग धोनीला घेतले, तर राजकोटने सुरेश रैनाला. निवडायचे खेळाडू जगाला ठाऊक असलेले होते. हेरायचे असे काहीच नव्हते. एवढे असूनही २०१६ च्या हंगामात पुण्याचा संघ आठांत सातवा आला आणि राजकोटचा ‘गुजरात लायन्स’ साखळी फेरीत अव्वल ठरला. ज्ञात खेळाडूंबाबत ही तऱ्हा, तर अठरा वर्षांच्या अज्ञात मुलांबाबत काय बोलावे?

चूक कोठे दडलेली असते?

खेळाडूच्या आकड्यांवर अनिश्चिततेचे एकावर एक थर असतात आणि ते वेगळे ओळखणे ही व्यवस्थापकाची पहिली कसोटी. पहिला थर आजच्या दर्जाचा. बास्केटबॉल जीएममध्ये पडद्यावर दिसणाऱ्या गुणांकनात थोडी चूक मिसळलेली असते. स्काउटिंगवरचा खर्च वाढवला की ती कमी होते. हॅटट्रिकने वेगळीच युक्ती केली. तेथे कौशल्याची पातळी अंकांत न सांगता शब्दांत सांगितली जाते. ‘भयंकर’, ‘कमकुवत’, ‘ठीकठाक’, ‘उत्कृष्ट’ अशा अर्थाच्या पायऱ्या चढत ती थेट ‘दैवी’पर्यंत जाते; पण त्या शब्दामागचा अपूर्णांक लपवलेला असतो. ‘उत्कृष्ट’च्या उंबरठ्यावर नुकताच आलेला आणि पुढच्या पायरीला हात टेकवलेला, असे दोन खेळाडू पडद्यावर सारखेच दिसतात.

दुसरा थर भावी मर्यादेचा. हा खेळाडू जास्तीत जास्त कोठवर जाईल? फुटबॉल मॅनेजरमध्ये प्रत्येक खेळाडूला आजच्या क्षमतेचा आणि कमाल क्षमतेचा असे दोन आकडे २०० पैकी दिलेले असतात आणि दोन्ही व्यवस्थापकापासून लपवलेले असतात. त्याच्या वाट्याला येतात ते १ ते २० मधील गुण आणि स्काउटने दिलेले तारे. बझरबीटरने या मर्यादेला मजेशीर नावे दिली आहेत. सर्वांत वरची पायरी ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ अशा अर्थाची, आणि सर्वांत खालची? ‘समालोचक’. म्हणजे हा मुलगा मैदानावर काही दिवे लावणार नाही, फार तर माइक हाती धरील. आम्हा लेखणीबहाद्दरांना हे झोंबावे असेच आहे.

तिसरा थर प्रत्यक्ष वाढीचा. खेळाडू आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचेलच असे नाही. दुखापत, सामन्यांची वानवा, सरावातील हयगय आणि निव्वळ योगायोग यांवर ते अवलंबून असते. आउट ऑफ द पार्कमध्ये हा योगायोग किती असावा, हे लीगचा संचालक आधीच ठरवू शकतो. स्काउटवर कितीही पैसा ओतला तरी या तिसऱ्या थराला धक्का लागत नाही, कारण तेथे दडलेले असे काही नसतेच. जे अजून घडलेलेच नाही ते कोण कसे पाहणार? नवखा व्यवस्थापक नेमके हेच विसरतो. त्याला वाटते की अहवाल पुरेसा महाग घेतला की भविष्य कळते.

सत्तरचे साठ कसे होतात

आता अंकगणिताकडे वळू. बेसबॉलमध्ये स्काउट खेळाडूचे मोजमाप २० ते ८० या मापनश्रेणीवर करतात. तिचे श्रेय बहुधा ब्रँच रिकी या नामवंत व्यवस्थापकाला दिले जाते. ५० म्हणजे सरासरी, आणि दर दहा गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. आउट ऑफ द पार्कनेही हीच श्रेणी उचलली आहे. समजा, निवडीसाठी आलेल्या मुलांची सरासरी ५० आहे आणि त्यांच्या खऱ्या दर्जातला फरक दहा गुणांच्या विचलनाचा आहे. आपल्या स्काउटची चूकही सरासरीने तेवढीच, दहा गुणांची आहे. त्याने एका मुलाला ७० गुण दिले. त्या मुलाचा खरा दर्जा किती मानावा?

उत्तर ६० असे येते. पन्नासाच्या वर जे वीस गुण दिसतात, त्यांतला निम्मा वाटा गुणवत्तेचा आणि निम्मा स्काउटच्या चुकीचा, कारण दोहोंचा पसारा सारखाच आहे. स्काउट अधिक नेमका असेल, त्याची चूक पाचच गुणांची असेल, तर हाच अंदाज ६६ पर्यंत चढतो. दुसऱ्या एका स्वतंत्र स्काउटनेही ७० च सांगितले, तर दहा गुणांची चूक करणारे दोघे मिळून आपल्याला ६३ च्या थोडे पुढे नेतात. अहवाल जितका ढोबळ, तितका तो सरासरीकडे ओढून वाचायचा, हा नियम झाला. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तो बेसबॉलच्याच उदाहरणाने समजावून दिला होता. त्यांनी १९७० च्या हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ प्रयत्नांची सरासरी घेतली. रॉबर्टो क्लेमेंटे तेव्हा ०.४०० वर होता. उरलेल्या हंगामात तो ०.३४६ वर आला. तळाचे फलंदाज याउलट वर सरकले. प्रत्येकाचा आकडा आधीच सर्वांच्या सरासरीकडे ओढून केलेले भाकीत बहुतेकांच्या बाबतीत अधिक अचूक ठरले.

ड्राफ्टमध्ये प्रकरण याहून बिकट होते, कारण आपल्यासारखे आणखी एकोणतीस जण तोच खेळाडू पाहत असतात आणि ज्या खेळांत प्रत्येक संघाचा स्काउट वेगळा, तेथे प्रत्येकाला तो वेगळा दिसत असतो. तीस स्काउटांची चूक प्रत्येकी दहा गुणांची आणि परस्परांपासून स्वतंत्र असेल, तर त्यांच्यातला सर्वांत वरचा अंदाज सत्याहून सरासरीने वीस गुणांनी चढा असतो. खेळाडू जातो कोणाकडे? ज्याच्या स्काउटने सर्वांत वरचा अंदाज केला त्याच्याकडे. म्हणजे ज्याची चूक मोठी, त्याच्याच गळ्यात माळ पडण्याचा संभव अधिक. अटलांटिक रिचफील्ड या तेलकंपनीतील केपन, क्लॅप आणि कँपबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावाबाबत हेच दाखवून दिले होते. जमिनीखाली किती तेल आहे हे कोणालाच नक्की माहीत नसताना लिलाव जिंकतो तो बहुधा सर्वाधिक आशावादी, आणि म्हणून नुकसानीत जातो. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात.

यातून ड्राफ्टमधली एक चमत्कारिक खूण हाती लागते. आपल्या यादीत पाचव्या स्थानावर असलेला मुलगा विसाव्या पाळीपर्यंत शिल्लक राहिला, तर नवख्याला हर्ष होतो: एवढे रत्न कोणाला दिसलेच नाही! अनुभवी माणूस आधी साशंक होतो. इतक्या जणांनी त्याला सोडले याचा अर्थ, आपलाच स्काउट चुकलेला असण्याची शक्यता वाढली. त्याला घ्यायला हरकत नाही, विसाव्या पाळीला ती निवड चांगलीच असू शकते. पण पाचव्या क्रमांकाचा खेळाडू मिळाला अशा थाटात पुढचे आराखडे बांधू नयेत.

खात्रीचा की धोक्याचा?

डावपेचांचा खरा कस लागतो तो दोन प्रकारच्या मुलांतून एकाला निवडताना. ‘अ’ हा शाळकरी मुलगा. त्याचे सामने कमी पाहिले गेलेले, अहवाल ७० चा, पण चूक दहा गुणांची. ‘ब’ हा महाविद्यालयात चार वर्षे खेळलेला; अहवाल ६५ चा, चूक पाचच गुणांची. वरच्या हिशेबाने ‘अ’चा खरा दर्जा ६० धरावा लागतो आणि ‘ब’चा ६२. पडद्यावर मागे असलेला ‘ब’ प्रत्यक्षात पुढे आहे!

एवढ्यावर हिशेब संपत नाही. ‘अ’च्या अंदाजाभोवती धुके दाट आहे, म्हणून तो फार वाईट निघू शकतो, तसाच फार चांगलाही. तो ७५ च्या पुढचा, म्हणजे लीगमधील मोजक्या खेळाडूंपैकी एक, निघण्याची शक्यता हजारात सुमारे १७ येते. ‘ब’ची हजारात जेमतेम २. मग घ्यावे कोणाला? ते खेळावर अवलंबून आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू असतात, एक असामान्य खेळाडू सारा सामना फिरवतो, आणि फसलेला नवोदित सोडून देता येत असेल तर फारसे बिघडत नाही. तेथे ‘अ’वर डाव लावणे शहाणपणाचे. बेसबॉलमध्ये संघ मोठा, एकट्या फलंदाजाची पाळी नवातून एकदा येते. तेथे ‘ब’सारखे भरवशाचे चार जण एका चमत्कारापेक्षा अधिक उपयोगी पडतात. करार दीर्घ मुदतीचा आणि न मोडता येणारा असेल, तर धोका आणखी महाग होतो. सर्व खेळांना लागू पडेल असा एकच मंत्र सांगणाऱ्यांवर, निदान या प्रश्नापुरता, विश्वास ठेवू नये.

उतरत्या फेऱ्यांत मात्र धोका पत्करणेच बहुधा योग्य ठरते. शेवटच्या फेरीतला ‘खात्रीचा’ खेळाडू म्हणजे खात्रीने सामान्य खेळाडू. तसा तर कोणीही करारमुक्त खेळाडू स्वस्तात मिळतो. एनएफएलच्या २००० च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याआधी त्याच्याच जागेवर खेळणारे सहा जण घेतले गेले होते. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. एनबीएत निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा होता. अशी उदाहरणे दाखवून ‘ड्राफ्ट म्हणजे लॉटरी’ असे म्हणण्याची रीत आहे. ती अर्धीच खरी. वरच्या क्रमांकांत तारे सापडण्याचे प्रमाण निश्चितच जास्त असते. प्रश्न एवढाच की त्या वरच्या क्रमांकासाठी किती मोजायचे.

एक पहिला की तीन सोळावे?

डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून एक कोष्टक प्रसिद्ध आहे. निवडीच्या हक्कांची अदलाबदल करताना कोणता क्रमांक किती मोलाचा, हे त्यात गुणांत मांडलेले आहे: पहिला ३,००० गुणांचा, दुसरा २,६०० चा, दहावा १,३०० चा, सोळावा १,००० चा. म्हणजे पहिल्या हक्कासाठी तीन सोळावे हक्क द्यावे लागतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ‘द लूझर्स कर्स’ या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या भावाची उलटतपासणी केली. एकाच जागेवर खेळणाऱ्या, ड्राफ्टमध्ये लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचे प्रमाण निम्म्यापेक्षा फारसे अधिक नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी अभ्यासलेल्या काळातील वेतने लक्षात घेता, अगदी वरच्या क्रमांकांपेक्षा दुसऱ्या फेरीतील खेळाडू दिलेल्या पैशाच्या तुलनेत अधिक फायद्याचे ठरत होते. संघचालकांचा स्वतःच्या परखेवर असलेला फाजील विश्वास हे त्यांनी दिलेले कारण. २०११ पासून एनएफएलने नवोदितांच्या वेतनावर कडक मर्यादा आणली, त्यामुळे वरचे हक्क स्वस्त झाले; तरी मूळ मुद्दा उरतोच.

ऑनलाइन लीगमधील तरबेज व्यवस्थापक म्हणूनच वरचा एक हक्क देऊन खालचे दोन-तीन घेतात. समजा, खालच्या फेरीतील प्रत्येक खेळाडू यशस्वी होण्याची शक्यता दहात एक आहे. एकाकडून अपेक्षा ठेवणे व्यर्थ. पण असे पाच घेतले तर त्यांतला किमान एक यशस्वी होण्याची शक्यता ४१ टक्के होते. अर्थात पाच जणांना संघात जागा हवी, सराव हवा, पगार हवा. ज्या खेळांत संघातील जागा मोजक्या असतात तेथे ही युक्ती लंगडी पडते.

संघाची गरज पाहून निवडावे की सर्वोत्तम खेळाडू घ्यावा, हा वादही जुना आहे. १९८४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले, कारण त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला उचलले. आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी, २००८ मध्ये, १९ वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघातील मुलांसाठी वेगळा ड्राफ्ट झाला. फलंदाजांची रांग असलेल्या दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. आजची गरज ही आजची असते. ड्राफ्टमधला मुलगा तीन वर्षांनी तयार होतो, तोवर संघाचे चित्र पालटलेले असते. संगणकावरच्या खेळांत तर अदलाबदल प्रत्यक्षापेक्षा सोपी असते, त्यामुळे गरज पाहून निवडण्याचे समर्थन आणखी दुबळे होते.

माहिती किती विकत घ्यावी?

स्काउटिंगवरचा खर्च हा हौसेचा विषय नव्हे. अहवालाने आपला निर्णय बदलणार नसेल तर तो फुकट मिळाला तरी निरुपयोगी. चौदावी पाळी असलेल्याने पहिल्या तिघांचे सखोल अहवाल मागवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्याने आठव्यापासून पंचविसाव्यापर्यंतच्या मुलांवर पैसा लावावा, कारण त्याची निवड तेथूनच होणार असते. पहिली पाळी असलेल्याला दोन-तीन मुलेच तोलायची असतात. त्याने साऱ्या यादीवर पैसा पसरू नये.

स्काउटचा कल आणि स्काउटची चूक यांत गल्लत होऊ देऊ नये, हेही महत्त्वाचे. जो स्काउट सगळ्यांनाच पाच गुण जास्त देतो तो उदार असेल, पण त्याने लावलेला क्रम बिघडत नाही. आउट ऑफ द पार्कमधील काही स्काउट अंगभूत गुणांवर भाळतात, काही आजच्या कामगिरीवर. हा कल खेळ स्वतःच सांगतो. पहिल्या प्रकारच्या स्काउटने शाळकरी मुलाची केलेली स्तुती थोडी वजा करून वाचावी, आणि त्यानेच एखाद्या चार वर्षे खेळलेल्या खेळाडूची वाखाणणी केली तर कान टवकारावेत. खेळात सर्वांसाठी समान असा एक तटस्थ अहवालही उपलब्ध असतो. दोन्ही अहवाल जेथे जुळतात तेथे निर्धास्त राहावे. जेथे फारकत घेतात तेथे उरलेला पैसा खर्चावा.

आकड्यामागची माणसे

काल्पनिक खेळाडूंबाबत हे सारे बिनधोक आहे. फुटबॉल मॅनेजरच्या परंपरेत मात्र खेळाडू खरे असतात आणि त्यांचे लपलेले आकडे देशोदेशीच्या निरीक्षकांनी भरलेले असतात. हा संग्रह इतका विस्तृत झाला की २००८ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने तो वापरण्याचा करार केला. त्याची दुसरी बाजू चेर्नो सांबाच्या वाट्याला आली. मिलवॉल क्लबमधील हा किशोर २००१-०२ च्या चॅम्पियनशिप मॅनेजरमध्ये अद्भुत आघाडीवीर म्हणून नोंदला गेला. जगभरच्या मुलांनी पडद्यावर त्याच्याकरवी शेकडो गोल करवून घेतले. प्रत्यक्षात तो गांबियाकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळला, अनेक देशांच्या क्लबांतून फिरला, आणि आकड्यांनी वर्तवलेली उंची त्याला गाठता आली नाही. फ्रेडी अडूचे नाव तर २००४ च्या एमएलएस ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पुकारले गेले तेव्हा तो १४ वर्षांचा होता. तोही या खेळांतला हुकमी एक्का होता. मैदानावर मात्र क्लबमागून क्लब बदलत राहिला. कोणा अनोळखी माणसाने २०० पैकी लिहिलेला एक आकडा पोरसवदा वयात आपल्या नावाला चिकटावा आणि जन्मभर त्याच्याशी तुलना व्हावी, हे ओझे लहान नाही. संगणकातला अंदाज सरासरीकडे ओढून वाचणारे लोक खऱ्या मुलांबाबत तेवढी सावधगिरी क्वचितच दाखवतात.

हरण्याची लालूच

तळाच्या संघाला पहिला हक्क मिळतो, म्हणून मुद्दाम हरण्याची लालूच ड्राफ्टच्या पोटातच असते. एनबीएने १९८५ पासून वरच्या हक्कांसाठी सोडत काढायला सुरुवात केली ती याच कारणाने. माणसांनी चालवलेल्या ऑनलाइन लीगमध्ये हा रोग अधिक झपाट्याने पसरतो, कारण तेथे रिकामे प्रेक्षागृह किंवा संतापलेले वृत्तपत्र नसते. एक-दोघांनी हंगाम सोडून दिला की बाकीच्यांचे सामने निरर्थक होतात आणि लीग विस्कटते. काही संचालक सोडत लावतात, काही किमान विजयांची अट घालतात. लपलेले आकडे उघडे पाडणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा बंदोबस्त मात्र कठीण. एकाने पडद्याआड डोकावले की उरलेल्यांची आंधळी कोशिंबीर केवळ थट्टा ठरते.

ज्यांना या खेळांत खरोखर गती मिळवायची आहे, त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक वही. ड्राफ्टच्या दिवशी स्काउटने काय सांगितले, आपण त्याचे काय वाचन केले आणि कोणाला सोडले, हे तारखेसह लिहून ठेवावे. सोडलेल्यांचीही नोंद हवी, कारण आपली चूक बहुधा तेथेच असते. मग तीन हंगामांनी ती उघडून पाहावी. हॅटट्रिकच्या हिशेबाने तीन हंगाम म्हणजे ४८ आठवडे.